आठ डोळ्यांचा पहारेकरी
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



विज्ञानाच्या विषयावर बोलायला बी. ए. झालेला मास्तर कशाला उभा राहिला, असा प्रश्न मागच्या रांगेतील काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतो आहे. त्याला माझे उत्तर असे की, मी आज सूत्रे किंवा समीकरणे सांगणार नाही. मी इतिहास शिकवतो, आणि आज सांगणार आहे तोही एका प्रश्नाचा इतिहासच आहे. हा प्रश्न पाव शतक लोंबकळत राहिला. त्याचे उत्तर काय असणार याविषयी बहुतेक जाणकारांचे जवळजवळ एकमत झाले होते. मग एका यंत्राने आकाशात फिरत राहून नुसती मोजदाद केली, आणि ते एकमत ढासळले. या यंत्राचे नाव बॅट्सी. इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून केलेले हे नाव आहे. त्याचा अर्थ सांगायचा तर ‘स्फोट आणि क्षणिक स्रोत यांचा प्रयोग’ असा होईल. नाव रूक्ष आहे, पण त्याची हकिगत तशी नाही.

प्रथम गॅमा किरण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात ते क्ष-किरण आपल्या सर्वांना माहीत आहेत. गॅमा किरण त्याच जातीचे, पण त्यांच्याहून अधिक जोरकस. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश, रेडिओच्या लहरी, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सारी एकाच कुटुंबातील भावंडे, आणि त्यांत गॅमा किरण सर्वांत बलवान. आकाशातून येणारे हे किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, वरचे वातावरण त्यांना अडवते. ते अडवते म्हणूनच आपण सुखरूप आहोत, पण त्यामुळेच त्यांचा अभ्यास करायचा तर उपकरण वातावरणाच्या वर न्यावे लागते.

या किरणांचे स्फोट सापडले ते ज्योतिषशास्त्रज्ञांना नव्हे, तर हेरगिरी करणाऱ्यांना. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी मॉस्को येथे करार केला की, हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुबाँबची चाचणी करायची नाही. करार झाला, पण विश्वास कोठे होता? समोरचा चोरून चाचणी करतो की काय हे पाहण्यासाठी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडण्यास सुरुवात केली. अणुस्फोट झाला की गॅमा किरण बाहेर पडतात, तेव्हा गॅमा किरण टिपणारी उपकरणे त्यांवर बसवलेली होती. रशियाची चोरी काही सापडली नाही, पण २ जुलै १९६७ रोजी वेला उपग्रहांनी एक निराळीच गोष्ट टिपली. गॅमा किरणांचा एक लोंढा आला आणि थोड्याच सेकंदांत ओसरला. त्याची चढउताराची तऱ्हा अणुबाँबसारखी नव्हती. लॉस अलामॉस येथील रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन यांना ही नोंद जुने कागद चाळताना सापडली. पुढे अधिक चांगली घड्याळे बसवलेले वेला उपग्रह वर गेले. एकाच लोंढ्याला निरनिराळ्या उपग्रहांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला हे त्यांच्यावरून मोजता येऊ लागले आणि दिशेचा अंदाज बांधता आला. हे स्फोट पृथ्वीवरचे नव्हते आणि सूर्यावरचेही नव्हते. १९७३ मध्ये क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग आणि ओल्सन यांनी असे सोळा स्फोट जगापुढे मांडले.

येथून खरा प्रश्न सुरू झाला. हे स्फोट किती दूर होतात?

कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना या प्रश्नातील अडचण चटकन कळेल. काळोख्या रात्री समुद्रावर एक दिवा दिसतो. तो जवळच्या होडीतील कंदील आहे की लांबच्या खडकावरील दीपगृह? नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही, कारण जवळचा मंद दिवा आणि दूरचा प्रखर दिवा डोळ्यांना सारखेच दिसतात. अंतर कळले तरच दिव्याची ताकद कळते. गॅमा किरणांच्या स्फोटांचे नेमके हेच झाले होते. ते आपल्याच आकाशगंगेतले असतील तर त्यांची ताकद समजण्यासारखी होती. ते विश्वाच्या दूरच्या भागातून येत असतील तर मात्र एका स्फोटात काही सेकंदांत इतकी ऊर्जा बाहेर पडते असे मानावे लागणार होते की, आपला सूर्य जन्मापासून अंतापर्यंत, म्हणजे दहा अब्ज वर्षे जळून, जेवढी देईल तिच्याशीच तिची तुलना व्हावी. असा आकडा ऐकून शहाणा माणूस सहसा म्हणतो की, आपले काहीतरी चुकत असावे. म्हणून बहुतेकांनी पहिले उत्तर पसंत केले. आपल्या आकाशगंगेत न्यूट्रॉन तारे आहेत. सूर्यापेक्षा अधिक वस्तुमान, पण आकार एखाद्या शहराएवढा, असे हे मेलेल्या ताऱ्यांचे अवशेष. त्यांच्यावर काही खळबळ होत असावी आणि स्फोट तेथूनच येत असावेत, असे धरून चालले. मूळचे पोलिश आणि प्रिन्स्टन येथे काम करणारे बोहदान पाचिन्स्की यांनी १९८६ मध्ये याच्या उलट, म्हणजे स्फोट फार दूरचे आहेत, असे लिहिले. त्या वेळी त्यांच्या बाजूला फारसे कोणी नव्हते.

आता हा वाद सोडवायचा कसा? दुर्बीण रोखून पाहावे म्हटले तर कोठे रोखणार? नवा चंद्र केव्हा आणि कोठे शोधायचा हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पश्चिमेकडे, सूर्य मावळल्यावर. ग्रहणाची वेळ तर कित्येक वर्षे आधी काढता येते. गॅमा किरणांचा स्फोट यांपैकी काहीच कळवीत नाही. तो कोणत्याही दिवशी, कोणत्याही दिशेने येतो, काही क्षण किंवा फार तर काही मिनिटे टिकतो, आणि त्याच जागी पुन्हा होत नाही. दुसरी अडचण अशी की, गॅमा किरण नेहमीच्या भिंगाने किंवा आरशाने एकत्र गोळा करता येत नाहीत. ते त्यांतून आरपार जातात. तेव्हा नेहमीच्या दुर्बिणीचा येथे उपयोग नाही. हवा होता तो सगळ्या दिशांना एकाच वेळी डोळे असलेला आणि कधीही न झोपणारा पहारेकरी.

अमेरिकेतील हंट्सव्हिल येथील मार्शल अंतराळ केंद्रात जेराल्ड फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पहारेकरी तयार केला. सुमारे सतरा टन वजनाच्या एका मोठ्या वेधशाळा-यानाच्या आठ कोपऱ्यांवर त्यांनी आठ सारखी उपकरणे बसवली. प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. प्रत्येक उपकरणातील मुख्य भाग म्हणजे सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाची एक चकती, सुमारे ५१ सेंटिमीटर व्यासाची आणि सव्वा सेंटिमीटर जाडीची. आपल्या चुलीवरच्या मोठ्या तव्याहूनही रुंद. सोडियम आयोडाइड हे स्वयंपाकघरातील मिठाचे सख्खे नातेवाईक. मिठात सोडियमबरोबर क्लोरीन असते, येथे आयोडीन. पावसाळ्यात बरणीतील मिठाला पाणी सुटते हे गृहिणींना सांगायला नको. या स्फटिकाची खोड त्याहून वाईट. म्हणून त्याला हवाबंद डबीत ठेवावे लागते. पण त्याचा गुण असा की, त्यात थोडे थॅलियम मिसळले असता गॅमा किरण शिरताक्षणी त्यात प्रकाशाची बारीकशी चमक उठते. ती इतकी क्षीण असते की, मागे बसवलेल्या प्रकाशगुणक नळ्या तिचे विजेच्या स्पंदात रूपांतर करून ती लाखो पटींनी वाढवतात. मग ते स्पंद मोजायचे. चमक जितकी मोठी, तितका किरण जोरकस.

दिशा कशी काढत असत ते फार सोपे आणि म्हणून मला फार आवडलेले आहे. हिवाळ्याच्या सकाळी उन्हात उभे राहा आणि तळहात सूर्याकडे सरळ धरा. हात चांगला शेकतो. तोच हात तिरका केला तर कमी शेकतो, आणि अगदी आडवा केला तर उन्हाची नुसती कड लागते. आठ चकत्या म्हणजे आठ दिशांना धरलेले आठ तळहात. स्फोट कोणत्याही बाजूला झाला तरी त्यांपैकी चार चकत्यांना तो दिसतो, कोणाला अधिक, कोणाला कमी. या कमीअधिक आकड्यांची तुलना केली की दिशा निघते. मात्र ती ढोबळ असते. प्रखर स्फोटाची दिशा दोन-तीन अंशांपर्यंत कळे, मंद स्फोटाच्या बाबतीत दहा अंशांचीही चूक होई. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश जागा व्यापतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही ढिलाई किती मोठी आहे ते समजेल. बॅट्सीने दाखवलेल्या जागेत हजारो दूरच्या दीर्घिका मावत. त्यांपैकी स्फोट कोणत्या दीर्घिकेत झाला, हे बॅट्सीला कधीच सांगता येणार नव्हते.

पहारेकऱ्याला जागे करणारी व्यवस्थाही ऐकण्यासारखी आहे. अवकाशात गॅमा किरण सतत थोडे थोडे येतच असतात. ही झाली नेहमीची गुणगुण. यानावरील संगणक दर सतरा सेकंदांची सरासरी काढून ही गुणगुण किती आहे ते ठरवी. मग किमान दोन चकत्यांत एकाच वेळी आकडा त्या सरासरीच्या सहज होणाऱ्या चढउताराच्या साडेपाच पट वर गेला, तरच तो ‘स्फोट’ समजून बारकाईने नोंद सुरू करी. दोन चकत्यांची अट कशासाठी? एका साक्षीदारावर निकाल देऊ नये म्हणून. तरीही सूर्यावरील उद्रेक आणि भरकटलेले विद्युतभारित कण त्याला फसवीत, आणि शास्त्रज्ञांना प्रत्येक नोंद हाताने तपासावी लागे. अशा तपासणीत एक नवीच गोष्ट निघाली. काही नोंदी सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरत्या होत्या आणि त्या खालून, पृथ्वीकडून येत होत्या. त्या गडगडाटी वादळांतून निघत होत्या! वादळी ढगांतून गॅमा किरण निघतात हे फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जाहीर केले. आकाशाकडे पाहायला बसवलेल्या पहारेकऱ्याने आपल्या अंगणातली गोष्ट सांगितली, ती अशी.

हे यान ५ एप्रिल १९९१ रोजी ‘अटलांटिस’ या शटलमधून वर गेले. सोडण्याच्या वेळी त्याचा संदेश पाठवणारा अँटेना अडकून बसला. जमिनीवरून आज्ञा पाठवून तो उघडेना. शेवटी जेरी रॉस आणि जे ॲप्ट हे अंतराळवीर आधी न ठरवलेला फेरफटका मारण्यासाठी यानाबाहेर गेले, आणि रॉस यांनी अडकलेली दांडी हाताने हलवून मोकळी केली. इतक्या विद्वानांची इतक्या वर्षांची मेहनत अखेर हाताने दिलेल्या हिसड्यावर येऊन थांबली होती! यानाला पुढे आर्थर कॉम्प्टन या नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पदार्थवैज्ञानिकाचे नाव दिले गेले. कॉम्प्टन १९२६-२७ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात येऊन राहिले होते. त्यांचे शिकागोतील एक शिष्य पियारा सिंग गिल पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. हे नाव आपल्याला परके वाटू नये म्हणून एवढे सांगितले.

बॅट्सीचे पहिले स्फोट एप्रिल संपण्यापूर्वीच मिळू लागले. साधारण दिवसाला एक. आता विद्यार्थ्यांनी जरा माझ्याबरोबर विचार करावा.

उन्हाळ्यात किंवा थंडीच्या रात्री, शहराच्या दिव्यांपासून दूर गेलात तर आकाशात आकाशगंगेचा पट्टा दिसतो. आपली आकाशगंगा भाकरीसारखी चपटी आहे आणि आपण तिच्या मधोमध नाही, केंद्रापासून सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षे बाजूला आहोत. त्यामुळे तिच्यातले तारे आपल्याला एका पट्ट्यात दिसतात, आणि केंद्राच्या दिशेला अधिक दाट दिसतात. स्फोट जर याच आकाशगंगेतील न्यूट्रॉन ताऱ्यांवर होत असतील तर ते नकाशावर मांडल्यावर काय दिसायला हवे? तोच पट्टा. बॅट्सीआधीच्या उपकरणांना फक्त जवळचे, प्रखर स्फोट दिसत होते आणि त्यांत पट्टा नव्हता. जाणकार म्हणत, अधिक नाजूक उपकरण आणा, मंद स्फोट दिसू द्या, पट्टा उमटेलच. बॅट्सी हे ते नाजूक उपकरण.

पट्टा उमटला नाही. १९९२ च्या जानेवारीत चार्ल्स मीगन, फिशमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पहिल्या १५३ स्फोटांचा हिशेब दिला. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, आकाशाच्या सगळ्या भागांत स्फोट सारखे विखुरलेले.

कोणी म्हणेल, मग मंद स्फोटसुद्धा अगदी जवळचेच असतील. घरात बसून भोवतालचे दहा-पंधरा दिवे मोजले तर गावाचा आकार कळत नाही, तसे. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर दुसऱ्या मोजणीत आहे. समजा, सारख्या ताकदीचे दिवे सर्वत्र सारखे पसरले आहेत. दुप्पट अंतरावरचा दिवा चारपट मंद दिसतो. आणि दुप्पट अंतरापर्यंतच्या गोलात जागा आठपट असते, म्हणून दिवेही आठपट. तेव्हा चारपट मंद दिवे पाहण्याइतकी नजर तीक्ष्ण केली की एकूण संख्या आठपट झाली पाहिजे. दहावीच्या मुलांना घनफळ येते, त्यांनी हे घरी कागदावर करून पाहावे. बॅट्सीने मोजले तेव्हा मंद स्फोट या हिशेबापेक्षा बरेच कमी भरले. याचा अर्थ, आपली नजर वस्तीच्या कडेपर्यंत पोहोचली होती. दिवे संपत आले होते.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. वस्तीला कड आहे, आणि ती कड सर्व बाजूंना सारख्याच अंतरावर आहे. म्हणजे आपण त्या वस्तीच्या मधोमध आहोत. पण आपण आकाशगंगेच्या मधोमध नाही, हे तर पक्के ठाऊक! मग अशी कोणती वस्ती आहे जिच्या मध्यावर आपण असू? एकच सरळ उत्तर राहते. सगळे विश्व. कोणत्याही दीर्घिकेतून पाहणाऱ्याला विश्व चहूकडे सारखेच दिसते, आणि विश्व प्रसरण पावत असल्यामुळे फार दूरचे स्फोट अधिकच मंद आणि संख्येने कमी भासतात.

हे वाचून आपल्याला वाटेल की वाद मिटला. तसे झाले नाही, आणि मला वाटते झाले नाही हेच योग्य झाले. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या बाजूचे लोक म्हणाले, आकाशगंगेभोवती एक फार मोठा गोल प्रभामंडल मानू या, लाखो प्रकाशवर्षे पसरलेला. तो इतका मोठा की आपले सव्वीस हजार प्रकाशवर्षे बाजूला असणे त्यात जाणवणारच नाही. पंढरपूरच्या वाळवंटात भरलेल्या मेळ्यात दोन पावले इकडेतिकडे सरकले तर फरक कळत नाही तसे. हा युक्तिवाद चलाख होता आणि त्या वेळी खोटा ठरवता येत नव्हता. २२ एप्रिल १९९५ रोजी वॉशिंग्टन येथे या प्रश्नावर जाहीर वादविवाद झाला. १९२० मध्ये ज्या सभागृहात शॅप्ली आणि कर्टिस यांनी विश्वाच्या विस्तारावर वाद घातला होता, तेच सभागृह मुद्दाम निवडले होते. डॉन लॅम्ब यांनी आकाशगंगेची बाजू मांडली, पाचिन्स्की यांनी दूरच्या विश्वाची, आणि ब्रिटनचे मार्टिन रीस सभापती होते. तोवर स्फोटांच्या कारणांविषयी शंभराहून अधिक उपपत्ती छापून आल्या होत्या! सभा संपली आणि प्रश्न तसाच राहिला. मोजदादीने वाऱ्याची दिशा दाखवली होती, पण एकाही स्फोटाचे अंतर कोणाच्या हातात नव्हते. आमच्या वर्गातील वक्तृत्व स्पर्धेत टाळ्यांवर निकाल लागतो, तेथे तो तसा लागत नाही.

निकाल दुसऱ्या एका उपग्रहाने लावला. इटली आणि हॉलंड यांनी मिळून १९९६ मध्ये बेप्पोसॅक्स हा उपग्रह सोडला होता. त्याचे क्ष-किरण कॅमेरे स्फोटाची जागा बॅट्सीपेक्षा कितीतरी नेमकी दाखवू शकत. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी एक स्फोट झाला. (हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात, हा निव्वळ योगायोग.) सुमारे आठ तासांत उपग्रहाची सूक्ष्म उपकरणे त्या जागेकडे वळवली गेली आणि स्फोटाची मागे राहिलेली, हळूहळू विझत जाणारी धग दिसली. मग जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी त्याच जागी मंदावत जाणारा प्रकाशाचा ठिपका पाहिला. तीस वर्षांत प्रथमच गॅमा किरणांच्या स्फोटाची जागा बोट ठेवून दाखवता आली. दोन महिन्यांनी, ८ मे रोजी झालेल्या दुसऱ्या स्फोटाच्या प्रकाशाचे पृथक्करण हवाई बेटावरील केक दुर्बिणीने केले. तो प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे सात अब्ज वर्षे लागली होती. पृथ्वी जन्मण्याच्या कितीतरी आधी तो निघाला होता. कंदील नव्हे, दीपगृहच होते ते. पाचिन्स्की बरोबर ठरले.

यात बॅट्सीचा मोठेपणा कमी होतो का? मला तसे वाटत नाही. पुढे बॅट्सीने बातमी पोहोचवण्याचे काम फार चोख केले. २३ जानेवारी १९९९ रोजी त्याने स्फोट टिपला, संदेश आपोआप जगभर गेला, आणि स्फोट सुरू झाल्यापासून बावीस सेकंदांत लॉस अलामॉस येथील एक स्वयंचलित कॅमेरा त्या दिशेला वळून फोटो काढत होता. तेच लॉस अलामॉस, जेथे वेलाचे कागद चाळले गेले होते. नऊ अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आलेला तो प्रकाश त्या क्षणी एवढा तेजस्वी होता की, हातातल्या साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही तो दिसला असता.

आणखी एक शोध बॅट्सीच्या नोंदींतूनच निघाला. स्फोटांचे दोन प्रकार आहेत: दोन सेकंदांपेक्षा कमी टिकणारे आणि अधिक टिकणारे. ही विभागणी १९९३ मध्ये ज्यांनी आकडेवारीने सिद्ध केली त्या गटाच्या प्रमुख होत्या क्रिसा कुवेलियोटू, मूळच्या ग्रीसच्या विदुषी. ज्या पालकांच्या मुली विज्ञान शाखेत जाऊ इच्छितात त्यांनी हे नाव लिहून ठेवावे. लांब स्फोट अतिप्रचंड तारे मरताना होतात, हे पुढील वर्षांत स्पष्ट झाले. आखूड स्फोटांचा पुरावा १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाला. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवरील यंत्रांनी टिपल्या, आणि त्यानंतर पावणेदोन सेकंदांच्या आत फर्मी उपग्रहावरील बॅट्सीच्याच वंशातील उपकरणाने आखूड स्फोटाची नोंद केली. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरीत घडतात, याचाही पुरावा त्या वेळी मिळाला. लग्नसराईत सोन्याचा भाव विचारताना ही गोष्ट आठवली तर हरकत नाही.

आपल्या देशाचा यात भाग आहे की नाही? आहे. १९९० च्या दशकात ‘स्रॉस’ मालिकेतील भारतीय उपग्रहांवर गॅमा किरणांचे स्फोट टिपणारे उपकरण होते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील एक उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाले, आणि त्याच्या नोंदींवर काम करणारे केंद्र पुण्याच्या आयुकामध्ये आहे. या उपकरणाचे नेमलेले काम एका वेळी आकाशाचा लहानसा तुकडा पाहण्याचे. पण जोरकस गॅमा किरण त्याच्या पेटीच्या भिंतीतूनही आत शिरतात, म्हणून बाजूच्या दिशांना होणारे स्फोटही त्याला दिसतात. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते सुरू केले, आणि त्याच दिवशी त्याने पहिला स्फोट पकडला. पुढे त्याच्या खात्यावर असे शेकडो स्फोट जमा झाले. शिवाय, स्फटिकातील एका घरात शिरलेला किरण शेजारच्या घरात कोणत्या बाजूला उडतो, हे पाहून या किरणांच्या लहरींचा कल ते काढू शकते. किरण असा धडकून दुसरीकडे उडतो यालाच कॉम्प्टन परिणाम म्हणतात.

व्याख्यान संपल्यावर नववीतील एका मुलीने विचारले, बॅट्सीचे पुढे काय झाले? ते भाषणात सांगायचे राहिले होते, म्हणून येथे जोडतो. १९९९ च्या डिसेंबरमध्ये यानाला स्थिर ठेवणाऱ्या तीन भोवऱ्यांपैकी, म्हणजे जायरोस्कोपांपैकी, एक बंद पडला. बॅट्सी स्वतः धडधाकट होते. पण सतरा टनांचे धूड आणखी एक भोवरा बिघडल्यावर कोठेही, एखाद्या वस्तीवरही, कोसळण्याचा धोका होता. वैज्ञानिकांपैकी काहींना हा निर्णय पटला नाही, तरी ४ जून २००० रोजी यान हेतुपुरस्सर खाली आणले गेले. बरेचसे हवेत जळाले, आणि उरलेले तुकडे पॅसिफिक महासागरात निर्जन जागी पडले. नऊ वर्षांत बॅट्सीने २,७०४ स्फोटांची नोंद केली होती. ती यादी इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. तारीख, वेळ, दिशा, प्रखरता, सारे रकाने त्यात भरलेले आहेत. त्या मुलीला मी तिची एक प्रत छापून दिली आहे. नकाशावर ठिपके मांडून पट्टा दिसतो का ते ती स्वतः पाहणार आहे.